सहीच्या आधी

२७ सप्टेंबर १९७४, शुक्रवार. व्हाइट हाउसमध्ये दुपारच्या चहाला पाहुण्या आल्या होत्या. माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड आणि त्यांच्या मुली. त्याच दिवशी पोटोमॅक नदीकाठी जॉन्सन यांच्या स्मृतिवनाच्या कामाचा शुभारंभ झाला होता. यजमानीण बेटी फोर्ड तिथेही हजर होत्या, आणि मधल्या वेळात साल्व्हेशन आर्मीच्या भोजनाला जाऊन भाषणही करून आल्या होत्या. वय ५६. यजमान जेरल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम सात आठवडे झालेले. बेटीबाईंनी हसतमुखाने पाहुण्यांची सरबराई केली, आणि पाहुण्या गेल्यावर त्या रुग्णालयात दाखल व्हायला निघाल्या.

आदल्या दिवशी त्यांची मैत्रीण आणि सहायक नॅन्सी हाउ बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात तपासणीला जाणार होती. तिच्यासोबत गेल्याच आहेत तर त्यांनीही तपासून घेतले. डॉक्टरांच्या हाताला उजव्या स्तनात गाठ लागली. त्याच संध्याकाळी शल्यविशारदांकडून पुन्हा तपासणी झाली आणि शनिवारी सकाळची वेळ ठरली. पाहुण्यांना यातले काहीच कळले नव्हते.

त्या शनिवारी शस्त्रक्रियागृहात जे झाले ते तेव्हाच्या अमेरिकेत अगदी नेहमीचे होते. आधी पूर्ण भूल. मग गाठ काढायची, ती लगेच गोठवायची, तिचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. काही मिनिटांत पॅथॉलॉजिस्ट निकाल सांगतो. गाठ साधी असेल तर टाके घालून मोकळे. कर्करोग निघाला तर त्याच भुलेत, त्याच टेबलावर पुढची मोठी शस्त्रक्रिया. दोन्ही गोष्टींना मिळून बाईची एकच सही आधी घेऊन ठेवलेली असे. म्हणजे स्तन राहणार की जाणार हे ठाऊक नसताना भूल घ्यायची, आणि शुद्धीवर आल्यावर छातीवर हात फिरवून, पट्टी केवढी आहे त्यावरून, आपले काय झाले ते ताडायचे. असंख्य बायकांनी ते असेच ताडले. बेटी फोर्ड यांची गाठ कर्करोगाची निघाली. डॉ. विल्यम फाउटी यांनी ‘रॅडिकल मॅस्टेक्टॉमी’ केली.

ही शस्त्रक्रिया बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या विल्यम हॅल्स्टेड यांची. १८९४ साली त्यांनी तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी, सगळे एकसंध कापून काढायचे. रोग एका जागेवरून शिस्तीत, पायरीपायरीने बाहेर सरकतो, तेव्हा त्याच्या पुढे जाऊन कापले की तो संपला, असा त्यामागचा विचार. हॅल्स्टेडच्या काळात बायका लिंबाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या गाठी घेऊन येत, आणि त्या अवस्थेत हा उपाय मोठाच होता. अडचण अशी की नंतर गाठी लहान सापडू लागल्या तरी कापायचे माप तेच राहिले. छाती खोलगट होई, फासळ्या कातडीखाली दिसत, हात सुजे, खांदा आखडे. अमेरिकन शल्यविशारदांच्या तीन पिढ्या यातच तयार झाल्या, आणि आपण शिकलो ते चुकीचे असू शकते हा विचार कुठल्याच धंद्यात सहजी पचत नाही.

बेटी फोर्डच्या आधी या रोगाबद्दल कोणी बोलतच नव्हते, असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये काही डॉक्टर आणि व्यावसायिकांनी ‘अमेरिकन सोसायटी फॉर द कंट्रोल ऑफ कॅन्सर’ स्थापली. त्याच वर्षी सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराचा कर्करोगावरचा लेख ‘लेडीज होम जर्नल’सारख्या घराघरांत जाणाऱ्या मासिकात आला. १९३६मध्ये मार्जरी इलिग यांच्या पुढाकाराने बायकांची एक फौजच उभी राहिली. नाव ‘विमेन्स फील्ड आर्मी’. खाकी गणवेश, लष्करासारखे हुद्दे, एक डॉलर वर्गणी. या बायका दारोदार पत्रके वाटत, सभा घेत. १९५०मध्ये स्वतःची छाती स्वतः कशी तपासावी हे दाखवणारा चित्रपट निघाला आणि महिला मंडळांतून दाखवला गेला.

मग मौन कशाचे होते? या साऱ्या प्रचाराचा मथितार्थ एका ओळीचा होता: उशीर करू नका, डॉक्टरकडे जा. त्यापुढे काय, हे बाईने विचारायचे नव्हते. ती दगावली तर उशिरा आली म्हणून. उपचार चुकला असेल ही शक्यता पत्रकात नसे. ज्या काळात डॉक्टरही रोगाचे नाव रुग्णापासून लपवत, त्या काळात ‘लवकर या’ हे आवाहन किती एकतर्फी होते हे आज जाणवते. रेचल कार्सन यांचेच बघा. १९६०मध्ये, कीटकनाशकांच्या धोक्यांवरचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिण्याच्या ऐन धांदलीत त्यांची मॅस्टेक्टॉमी झाली. त्यांनी सरळ विचारूनही शल्यविशारदाने गाठ कर्करोगाची होती हे सांगितले नाही. काही महिन्यांनी रोग पसरल्यावर त्यांनी क्लीव्हलँडच्या डॉ. जॉर्ज क्राइल यांना गाठले, तेव्हा खरे कळले. मग त्यांनीही ते जगापासून लपवले, कारण कीटकनाशकांच्या कंपन्या त्याचे भांडवल करतील ही भीती होती. १९६४च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

वर्तमानपत्रांचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. पन्नाशीच्या दशकात फॅनी रोझेनाउ नावाच्या बाईंनी या रोगातून गेलेल्या बायकांच्या गटाची जाहिरात देण्यासाठी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला फोन केला. उत्तर आले की ‘स्तन’ हा शब्द छापता येणार नाही आणि ‘कॅन्सर’ही नाही, छातीच्या भिंतीचे आजार असे काही लिहिले तर चालेल का? त्याच दशकात टेरीस लॅसर या न्यूयॉर्कच्या बाई स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातल्या इतर बायकांना भेटू लागल्या. सोबत एक रबरी चेंडू, व्यायामासाठी दोरी आणि अंतर्वस्त्रात घालायचा तात्पुरता कृत्रिम स्तन. ‘रीच टु रिकव्हरी’ या नावाने ते काम देशभर पसरले. एका बाईने दुसरीला धीर देणे, एवढेही तोवर क्वचितच होत होते, म्हणून त्याचे मोल मोठे. मात्र त्या स्वयंसेविकांवर एक बंधन होते. उपचाराविषयी चकार शब्द काढायचा नाही.

ते बंधन पहिल्यांदा ठळकपणे मोडले १९७२मध्ये, आणि दोघींनी. न्यूयॉर्कच्या लेखिका-संपादिका बॅबेट रोझमंड यांनी आधीच्या वर्षी रॅडिकल शस्त्रक्रियेला नकार देऊन त्याच डॉ. क्राइल यांच्याकडून फक्त गाठ काढून घेतली होती. टोपणनावाने त्यांनी त्याची हकीकत छापली. दुसरी शर्ली टेम्पल. तिशीच्या दशकात साऱ्या अमेरिकेची लाडकी असलेली ती कुरळ्या केसांची बालनटी आता चव्वेचाळीस वर्षांची राजनैतिक प्रतिनिधी होती. तिने अट घातली की आधी फक्त गाठ तपासा, मला शुद्धीवर येऊ द्या, पुढचे मी ठरवीन. रोग निघाला. तिने रॅडिकलऐवजी साधी मॅस्टेक्टॉमी, म्हणजे स्नायू न कापता स्तन काढणे, निवडली आणि रुग्णालयाच्या खोलीतूनच पत्रकारांना सगळे सांगितले. पाठोपाठ ‘मॅकॉल्स’ मासिकात लेखही लिहिला. पत्रांचा पाऊस पडला. पण नटीची गोष्ट आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची गोष्ट यांत वजनाचा फरक असतोच.

फोर्ड दांपत्याने काही लपवले नाही, याला त्यांचा स्वभाव कारण होता आणि राजकारणही. नऊ ऑगस्टला आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन लपवाछपवीच्या आरोपांखाली राजीनामा देऊन गेले होते. आठ सप्टेंबरला फोर्ड यांनी त्यांना माफी दिली आणि देश चिडला होता. लपवाछपवीचा वीट आलेल्या लोकांसमोर पुन्हा व्हाइट हाउसने ‘किरकोळ तपासणी’ वगैरे म्हणणे परवडणारे नव्हते. शुक्रवारी संध्याकाळीच बातमी दिली गेली. शस्त्रक्रियेच्या दिवशी फोर्ड महागाईवरच्या परिषदेत बोलायला उभे राहिले तेव्हा बायकोचा उल्लेख करताना त्यांचा आवाज घोगरा झाला आणि डोळे भरले. नंतर काही दिवसांनी एक छायाचित्र प्रसिद्ध झाले: रुग्णालयाच्या मार्गिकेत, घरगुती झग्यात, बेटीबाई राष्ट्राध्यक्षांकडे फुटबॉल फेकताहेत. चेंडू वॉशिंग्टनच्या संघाने सह्या करून दिलेला. ज्यांना ठाऊक होते की या शस्त्रक्रियेनंतर हात खांद्यावर नेणेही जड जाते, त्यांना त्या फोटोत काय आहे ते बरोबर कळले.

पन्नास हजारांहून अधिक पत्रे आली. तपासणी केंद्रांपुढे रांगा लागल्या. त्या वर्षाच्या आकडेवारीत स्तनांच्या कर्करोगाचे निदान एकदम वाढलेले दिसते. रोग तेवढाच, सापडण्याचे प्रमाण वाढलेले. संशोधक त्या उंचवट्याला आजही बेटी फोर्डचे नाव देऊन ओळखतात. सगळ्यात जवळचे उदाहरण नियोजित उपराष्ट्राध्यक्ष नेल्सन रॉकफेलर यांच्या घरचे. त्यांच्या पत्नी हॅपी यांनी बातम्या ऐकून स्वतःची छाती चाचपली, गाठ लागली, आणि १७ ऑक्टोबरला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, त्यांचीही शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या बाजूची. या साऱ्याची बातमी देणाऱ्यांत एनबीसी वाहिनीच्या बेटी रोलिन होत्या. त्यांच्या छातीत तेव्हाच एक गाठ होती. काळजीचे कारण नाही असे आधीच्या तपासणीत त्यांना सांगितले गेले होते. इतर बायकांना सावध करणारी बातमी त्यांनी दिली आणि स्वतःचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. १९७५मध्ये निदान झाले, १९७६मध्ये ‘फर्स्ट, यू क्राय’ हे त्यांचे पुस्तक आले.

रांगा लागल्या त्या मुख्यतः मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीसाठी, आणि इथे गोष्ट थोडी गुंतते. अमेरिकन कर्करोग सोसायटी आणि राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा मोठा तपासणी प्रकल्प नुकताच सुरू झाला होता. पुढे दोन लाख ऐंशी हजार बायका त्यात तपासल्या गेल्या. तरुण बायकाही त्यात होत्या. १९७६मध्ये जॉन बेलार या संस्थेतल्याच डॉक्टरांनी हिशेब मांडला की तेव्हाच्या यंत्रांचा किरणोत्सर्ग बघता पन्नाशीच्या आतल्या बायकांना नफ्यापेक्षा तोटाच जास्त होऊ शकतो. ‘तपासा’ म्हणणे सोपे; काय, कुणाला, कितीदा, हे ठरवायला दशके लागतात. स्वतः छाती चाचपण्याच्या शिकवणीचेही तेच. शांघायच्या कापडगिरण्यांमधल्या अडीच लाखांहून अधिक कामगार बायकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००२मध्ये आला: काटेकोर शिकवूनही मृत्यू घटले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९८पासून वेगळा प्रयोग केला. झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी त्यांतल्या निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी हाताने तपासायचे. वीस वर्षांनंतर, २०२१मध्ये निकाल जाहीर झाले. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. सगळी वये एकत्र धरली तर मात्र घट ठाम म्हणता येईल एवढी नव्हती. सरकारी दवाखान्यात यंत्राची वाट बघणाऱ्या देशात हा निकाल जितका चर्चिला जायला हवा होता तितका गेला नाही, असे माझे मत आहे.

१९७४कडे परत येऊ, कारण त्या शरद ऋतूतली खरी नायिका, माझ्या लेखी, अजून आलेलीच नाही.

रोझ कुशनर. मेरीलँडमधल्या केन्सिंग्टनच्या, वय ४५, पत्रकार. व्हिएतनाम युद्धाचे वार्तांकन करून आलेल्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये, बेटी फोर्डच्या तीन महिने आधी, त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. घाबरलेला पत्रकार जे करतो ते त्यांनी केले: वाचायला बसल्या. राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. तिथे युरोपातले निबंध सापडले, कमी कापूनही बायका तितक्याच जगतात असे म्हणणारे. मग त्यांनी शल्यविशारदांना फोन लावायला सुरुवात केली. मागणी एकच. गाठ काढून तपासा, मला उठवा, मग बोलू. एकामागून एक नकार आले. अशी अट घालणारी बाई त्यांच्या वेळापत्रकात बसत नव्हती. शेवटी एक जण तयार झाला. रोग निघाल्यावर कुशनरबाई न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोला डॉ. थॉमस डाओ यांच्याकडे गेल्या, कारण ते छातीचे स्नायू वाचवून शस्त्रक्रिया करत.

बेटी फोर्ड यांना दाखल केल्याची बातमी आली तेव्हा त्यांना घरी येऊन फार दिवस झाले नव्हते. एका भुलेत दोन्ही उरकू नका, एवढे सांगण्यासाठी त्यांनी थेट व्हाइट हाउसला फोन लावला. उत्तर मिळाले की राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतलेला आहे.

छाती बेटीची, निर्णय राष्ट्राध्यक्षांचा. त्या काळच्या पद्धतीचे याहून नेमके वर्णन कुणा टीकाकारालाही सुचले नसते, आणि सांगणाऱ्याला त्यात वावगे काही वाटलेही नसणार.

योगायोग पुढेच आहे. शस्त्रक्रिया शनिवारी झाली. सोमवारी, ३० सप्टेंबरला, राष्ट्रीय कर्करोग संस्थेने स्तनांच्या कर्करोगावरच्या संशोधनाची परिषद भरवली. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९७१पासून एक चाचणी चालवली होती. बायकांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून काहींवर हॅल्स्टेडची शस्त्रक्रिया, काहींवर साधी. तोवरच्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या जगण्यात फरक दिसत नव्हता. फिशर यांचे म्हणणे असे की रोग शिस्तीत सरकत नाही. पेशी रक्तातून लवकरच दूर पोचलेल्या असतात किंवा नसतात, आणि छातीवर आणखी चार बोटे कापल्याने त्यात बदल होत नाही. परिषदेची तारीख आधीच ठरलेली होती. पण बेटीबाई रुग्णालयात पट्ट्यांत असताना वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या शेजारी शेजारी आल्या, आणि ज्या बायकांनी वैद्यकीय नियतकालिक कधी हातात धरले नव्हते त्यांना कळले की डॉक्टरांत याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते लोकजागृतीची खरी उडी ती. रोगाचे नाव उच्चारले जाणे महत्त्वाचे होतेच, पण तज्ज्ञांचे एकमत नाही हे बाहेर फुटणे त्याहून.

बेटी फोर्ड यांना कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. त्यांच्या काही लसिकाग्रंथींत रोग निघाला होता. पुढे त्यांनी गोळ्यांची केमोथेरपी घेतली आणि २०११पर्यंत, ९३ वर्षांच्या होईतो जगल्या. ‘रॅडिकल’ करून घेतल्याबद्दल त्यांनी कधी खंत केली नाही. कुशनर यांनीही त्यांना दोष दिला नाही. त्यांचा राग पद्धतीवर होता. १९७५मध्ये कुशनर यांचे पुस्तक आले, निम्मे आत्मकथन आणि निम्मी शोधपत्रकारिता. घरूनच त्यांनी सल्लाकेंद्र सुरू केले. बायका फोन करत, आणि त्या सांगत की उद्याच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो नीट वाच, दोन भुलांची मागणी कर. शल्यविशारदांच्या परिषदांना जायच्या, प्रश्न विचारायच्या, नकोशा व्हायच्या. आवाज मोठा, भाषा तिखट, आकडे मात्र पाठ.

जून १९७९मध्ये बेथेस्डाला राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी या शस्त्रक्रियेवर सहमती ठरवायला तज्ज्ञांची समिती बसवली. समितीत डॉक्टर नसलेली एकच व्यक्ती होती, रोझ कुशनर. समितीने सांगितले की हॅल्स्टेडची शस्त्रक्रिया यापुढे प्रमाण मानण्याचे कारण नाही. छातीचे स्नायू राखावेत. आणि दुसरे, जे कुशनर यांनी लावून धरले होते: बहुतेक बाबतींत गाठीची तपासणी आणि मोठी शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करावी. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा केला की स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णाला उपलब्ध पर्याय सांगितलेच पाहिजेत. १९८५मध्ये फिशर यांच्या पुढच्या चाचणीने दाखवले की फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी बायका तेवढ्याच जगतात. एक भूल, एक सही हा प्रकार काही वर्षांत मागे पडला.

या जागृतीचे चिन्ह ठरलेली गुलाबी फीत नंतरची. तिच्याविषयी थोडक्यात. १९८५मध्ये ऑक्टोबर महिना जागृतीचा ठरला. त्याचा एक प्रायोजक होता टॅमॉक्सिफेन हे याच रोगावरचे औषध बनवणारी कंपनी. फीत मुळात गुलाबी नव्हतीच. कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीत राहणाऱ्या, ६८ वर्षांच्या शार्लट हेली घरच्या टेबलावर बसून पीच रंगाच्या फिती बनवत. त्यांची आजी, बहीण आणि मुलगी, तिघींना हा रोग झालेला. फितीसोबतच्या कार्डावर त्यांची तक्रार लिहिलेली असे: राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातले फक्त पाच टक्के प्रतिबंधावर खर्च होतात, लोकप्रतिनिधींना जागे करा. १९९२मध्ये ‘सेल्फ’ मासिक आणि एस्टी लॉडर या प्रसाधनांच्या कंपनीने त्यांना फीत वापरू देण्याची विनंती केली. हेलीबाईंनी धंद्याचा वास येतो म्हणून नकार दिला. वकिलांनी वाट काढली की रंग बदला. गुलाबी ठरला, दुकानांतून पंधरा लाख फिती वाटल्या गेल्या, आणि पाच टक्क्यांची ओळ गळाली.

रोझ कुशनर तोवर नव्हत्या. १९८१मध्ये त्यांचा रोग उलटला, तरी त्यांचे लिहिणे-भांडणे थांबले नाही. आता सरसकट दिल्या जाणाऱ्या जहाल केमोथेरपीवर त्यांनी बोट ठेवले. ही ऐंशीच्या दशकातली हॅल्स्टेड तर नव्हे, असे त्यांनी विचारले. शेवटची लढाई संसदेत झाली. वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यात मॅमोग्राफीचा खर्च धरावा यासाठी त्यांनी प्रतिनिधींचे उंबरठे झिजवले. १९८८मध्ये मंजूर झालेल्या मोठ्या कायद्यात ती तरतूद आली. पण त्या कायद्याने लादलेल्या जादा करावर वृद्धांनीच गदारोळ केला आणि १९८९च्या अखेरीस तो कायदा जवळजवळ सगळाच मागे घेतला गेला, मॅमोग्राफीसकट. जानेवारी १९९०मध्ये कुशनर वारल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती तरतूद नव्या अर्थविधेयकातून पुन्हा मंजूर झाली आणि १ जानेवारी १९९१पासून लागू झाली.